सागाच्या रानावरचा वारा: हरसूल रस्त्यावरच्या मास्टच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

जागा नक्की झाली. त्र्यंबकेश्वर मागे टाकून हरसूलकडे निघालं की रस्त्यालगत डोंगराची एक लांबट सोंड उतरत जाते. तिच्या माथ्याच्या जरा खाली एका शेतकऱ्याचा मालकीचा माळ आहे. (नोंदींत त्यांना काकाच लिहिणार, समोरही तसंच म्हणतो.) मास्ट, म्हणजे वारा मोजायच्या उपकरणांचा उंच खांब, तिथे. जंगलाच्या हद्दीत खुंटी ठोकायची तरी वनखात्याची परवानगी हवी आणि ती हातात पडेपर्यंत पुढचा पावसाळा उजाडेल. पण नाइलाज म्हणून घेतलेली ही जागा आमच्या प्रश्नाला बरोबर बसते. पश्चिमेला सागाचं रोपवन, एका वयाचं. नैऋत्येला ऐन, धावडा, मोह, खैर असं मिश्र रान, त्यात जागोजागी भोकं पडलेली. वायव्येला नाचणी-वरईची उतारावरची वावरं. आणि रोपवनाला मधून चिरत गेलेली जाळरेषा, वणवा अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी. म्हणजे एका मास्टला तीन दिशांनी तीन वेगळे शेजार.

प्रश्न असा आहे. पवनचक्कीसाठी वाऱ्याचा अंदाज बांधताना जंगल एका आकड्यात उरकलं जातं. नकाशावर हिरवा पट्टा दिसला की त्याला खडबडीचा एक आकडा चिकटवायचा आणि पुढे सरकायचं. पट्टा नावाच्या किल्ल्याजवळ चक्क्या उभ्या आहेत तिथलं पठार बरंचसं उघडं, तिथे हे खपून जातं. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातलं रान मात्र ठिगळांचं आहे. अशा रानावर वाऱ्यातली खळबळ कुठे वाढते, कुठे विरते, आणि वर किती उंचीपर्यंत तिचा माग लागतो, हे पाहायचं.

६ डिसेंबर

दोन दिवस ड्रोन उडवला. साग पिवळा पडायला लागलाय पण पानं अजून झाडावर आहेत, म्हणून घाई होती. फोटो जोडून जो त्रिमिती नकाशा तयार होतो तो पानांच्या छताचा. खालची जमीन त्यात येत नाही. झाडाची उंची काढायची तर जमीन हवीच. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीचा ३० मीटरचा नकाशा फुकट मिळतो, पण त्या रडारलाही दाट झाडीखालची जमीन नीट दिसत नाही, त्यामुळे उंची कमी निघते. अंतराळ स्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये पोहोचलेल्या गेडी या लेझर उपकरणाने झाडांची उंची बरी मोजली आहे, पण तो २५ मीटरचे ठिपके टिपत जातो, सलग नकाशा देत नाही. आमच्या जाळरेषेवर त्याचा एकही ठिपका नाही. तेव्हा पानगळ झाली की मार्चमध्ये पुन्हा उडवायचं, आणि वरच्या नकाशातून खालचा वजा करायचा.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे. देवळाली-ओझरच्या आसपास, लष्कर आणि विमानतळाजवळ, असतो तर हे काम सुरूच झालं नसतं.

२४ डिसेंबर

मास्ट उभा. २४ मीटर, जाळीचा, तीन बाजूंनी ताणाच्या तारा. खड्डे मुरमात, खाली लगेच काळा कातळ लागला. मिस्त्रींनी कातळात भोकं पाडून सळ्या बसवल्या आणि "आता वादळ आलं तरी सायेब मास्ट राहील, ताण बघा" असं सांगून गेले. ताणच बघत बसणार आहे.

उपकरणांत महत्त्वाचे दोन सोनिक अ‍ॅनिमोमीटर: एक टोकाला, एक १३ मीटरवर. बाकी कपवाले, वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांचे. सोनिकमध्ये फिरणारं काही नाही. समोरासमोर बसवलेल्या तीन जोड्या एकमेकींकडे आवाजाची टिचकी पाठवतात. वाऱ्याबरोबर जाणारी लवकर पोहोचते, विरुद्ध जाणारी उशिरा. या फरकातून वाऱ्याचे तिन्ही घटक निघतात, हवेचं तापमानही. सेकंदाला २० वेळा. अर्ध्या तासात ३६,००० ओळी होतात, आणि आमचं मोजमापाचं एकक हा अर्धा तासच.

१३ मीटर का? रोपवनाचे शेंडे साधारण १२ मीटरवर आहेत. शेंड्याच्या पातळीलाच वाऱ्याचा वेग सगळ्यात झपाट्याने बदलतो: वर मोकळा वारा, खाली पानांनी अडवलेला. खळबळीचा कारखाना तिथे आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. टीममधले येवल्याचे दोघे रजेवर. आज त्यांना आसारी (पतंगाच्या दोऱ्याची फिरकी) सोडून बाकी काही सुचणार नाही. गेल्या आठवड्यात त्यांना रफनेस सबलेयर, म्हणजे झाडांलगतचा वाऱ्याचा भरकटीचा थर, समजावत होतो, तर त्यांनीच मला समजावलं. धाब्यावरून पतंग सोडला की घरांच्या उंचीत असेपर्यंत तो भरकटतो, गोते खातो, कधी मागच्या गल्लीतून उलटा ओढला जातो. घरांच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर गेला की ताठ उभा राहतो, मग हातात फक्त ताण. जंगलाचंही तंतोतंत असंच. झाडांच्या दोन-तीन पट उंचीपर्यंतच्या थरात कुठल्या झाडामागे आहात यावर वारा ठरतो. त्याच्या वर झाडं वेगळी कळत नाहीत. आपला मास्ट झाडांच्या दुप्पट, म्हणजे तो आख्खा या भरकटीच्या थरातच आहे. पाठ्यपुस्तकातलं सूत्र इथे लागू पडेल अशी अपेक्षाच चुकीची.

रात्रीचा डेटा निराळा. थंडीत सूर्य मावळला की जमीन निवते, खालची हवा जड होऊन बसते. निफाडला पारा खाली जातो त्याच रात्री आमच्या वरच्या सोनिकवर वारा चालू असतो आणि खालचा जवळजवळ गप्प. रानातली हवा वरच्या वाऱ्याशी संबंध तोडून उतारावरून ओढ्याकडे हळूहळू ओघळते, कधी वरच्या वाऱ्याच्या काटकोनात. अशा रात्री सरासरी काढण्यात अर्थ नाही. वेगळ्या काढून ठेवल्या.

९ फेब्रुवारी

पानगळ जोरात. आज गणित.

सलग जंगलावर, जरा उंचावर, वाऱ्याचा वेग लॉगच्या नियमाने वाढतो. त्यात दोन आकडे लागतात. पहिला, वाऱ्याला जमीन कुठे वाटते: झाडांच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांशवर. दुसरा खडबड: उंचीच्या साधारण दहावा हिस्सा. १२ मीटरच्या रोपवनाला अनुक्रमे ८ मीटर आणि १.२ मीटर. खळबळीची तीव्रता, म्हणजे वेगाची चढउतार भागिले सरासरी वेग, हिला आम्ही टीआय म्हणतो. तटस्थ हवेत (जमीन हवेला तापवत नाही की निववत नाही अशा वेळी) ती ढोबळमानाने एक भागिले नॅचरल लॉग (उंची वजा ८, भागिले १.२).

२४ मीटरवर हे ३९ टक्के येतं. हाच मास्ट गवताळ माळावर असता, खडबड ३ सेंटिमीटर धरून, १५ टक्के. १०० मीटरवर, जिथे आजकालच्या चक्कीचा मध्य असतो, जंगलावर २३ आणि माळावर १२. पवनचक्क्यांच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकात सगळ्यात दणकट अ+ वर्गाची चक्कीसुद्धा सेकंदाला १५ मीटर वाऱ्यात १८ टक्के धरून बनवतात. म्हणजे या हिशेबाने सागाच्या रानात चक्की लावूच नये.

पण हा हिशेब ज्या जंगलाचा आहे ते जंगल इथे नाही. वाऱ्याला नव्या पृष्ठभागाशी पूर्ण जुळवून घ्यायला उंचीच्या शंभरपट अंतर लागतं असा ढोबळ नियम आहे. २४ मीटरला दोन-अडीच किलोमीटर सलग जंगल हवं, १०० मीटरला दहा किलोमीटर. आमच्या पश्चिमेला अर्धा किलोमीटरसुद्धा सलग रान नाही. मध्ये वावर येतं, ओढा येतो, जाळरेषा येते. वारा एका ठिगळाशी जुळवून घेतोय तोवर दुसरं ठिगळ येतं. तो कायम अर्धवट जुळलेलाच असतो. या एका वाक्यासाठी प्रकल्प चालू आहे असं म्हटलं तरी चालेल.

२ मार्च

जमिनीचा ड्रोन नकाशा झाला. साग पूर्ण बोडका, खाली पाचोळ्याचा थर असा की पाय टाकला की घोटाभर आत. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून सुरू, वनरक्षक दिवसातून दोनदा चक्कर मारतात. आमची बॅटरीची पेटी पाहून त्यांनी ठिणगी, धूर, सिगारेट सगळ्याची चौकशी केली, रास्तच आहे. जाळरेषा साफ करून रुंद केली आहे. त्यांच्या दृष्टीने आग अडवणारी पट्टी, आमच्या दृष्टीने रानात पाडलेली नवी खाच, वाऱ्याने आत शिरावं अशी.

मोबाइलला माशाच्या डोळ्याची भिंग लावून झाडांखालून आकाशाचे फोटो काढले. फोटोत आकाश किती दिसतं यावरून पानांचा दाटपणा निघतो. त्यावरून आणखी एक हिशेब मांडला, आणि मला तरी तो आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा वाटतो.

वारा जंगलाच्या काठातून किती आत घुसतो, हे झाडांच्या उंचीपेक्षा त्यांच्या अडथळ्याच्या दाटीवर ठरतं. एक घनमीटर हवेत किती चौरस मीटर पान-फांदी आहे, त्याला अडथळ्याच्या गुणकाने (०.२ धरतात) गुणायचं आणि एकाला त्या उत्तराने भागायचं. सागाला भर पावसाळ्यात जमिनीच्या तिप्पट पानं धरली तर १२ मीटर उंचीत घनमीटरला पाव चौरस मीटर. उत्तर २० मीटर. आत्ताच्या बोडक्या रानात नुसत्या फांद्या-खोडा जमिनीच्या ०.८ पट धरल्या तर ७५ मीटर. वाऱ्याला शांत व्हायला याच्या काही पट अंतर लागतं. म्हणजे पावसाळ्यात रोपवनाचा काठ ही भिंत असते आणि उन्हाळ्यात तीच चाळणी. झाडं तीच, उंची तीच, नकाशावरचा हिरवा रंगही तोच.

पानं गळली म्हणजे खळबळ घटेल, हा सरळ अंदाज इथे चालत नाही. दाट छतावरून वारा घसरत जातो, विरळ छतात तो प्रत्येक झाडाला धडकतो. खडबड ही दाटीबरोबर वाढत वाढत एका मधल्या दाटीला सर्वाधिक होते आणि पुढे उतरते. बोडकं रान पानांच्या रानापेक्षा जास्त खडबडीत निघू शकतं. फक्त वाऱ्याची 'जमीन' खाली सरकते.

२७ मार्च

मॉडेल चाललं. लार्ज एडी सिम्युलेशन, ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये. मोठे भोवरे संगणक स्वतः सोडवतो, जाळीच्या घरापेक्षा लहान असलेल्यांचा फक्त परिणाम धरतो. झाडं घन ठोकळे म्हणून घालायची नाहीत. झाडांच्या जागेतल्या हवेला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मागे ओढणारा जोर लावायचा, ड्रोनच्या उंचीनुसार आणि फोटोंच्या दाटीनुसार. एक धाव वर्कशॉपच्या मशीनवर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पंख्याचा आवाज ऐकून शेजारच्या लेथवाल्याने विचारलं, आत पवनचक्की बसवली का.

तीन रानं चालवली. पहिलं सपाट: सगळीकडे १२ मीटर, सगळीकडे सारखं दाट. दुसरं: झाडांची खरी उंची, पण भोकं बुजवलेली. तिसरं: खरी उंची, खरी भोकं, खरे काठ.

पहिल्या-दुसऱ्यात फरक शेंड्यांच्या जवळ दिसतो, पण झाडांच्या दुप्पट उंचीवर जाईपर्यंत बराचसा मावळतो. काही झाडं वीस टक्के उंच, काही बुटकी, याचं वाऱ्याला फारसं सोयरसुतक नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात मात्र मोठा फरक, आणि तो वरपर्यंत जातो. भोक लहान असेल, झाडांच्या उंचीच्या एक-दोन पट, तर वारा त्याच्यावरून उडी मारून जातो. पाच-सहा पटींच्या पुढे गेलं की वारा भोकात उतरतो, वेग घेतो, आणि पुढच्या काठावर आदळतो. त्या काठाच्या मागे, शेंड्यांच्या पातळीला, काही उंच्यांच्या पट्ट्यात झोत सगळ्यात जोरकस. सरासरी वेग तिथे कमी, पण अधूनमधून येणारे तडाखे मोठे. वादळात काठावरचं पहिलं झाड उभं राहतं आणि आतली पडतात, त्यात याचाही वाटा असतो. काठावरची झाडं वाऱ्यात वाढून बुंध्याला जाड झालेली असतात हे वेगळं.

तेव्हा सरासरी उंची विसरा. या रानाचं वर्णन करायचं तर काठांची लांबी आणि भोकांची रुंदी सांगा. चक्कीवाल्यांना मी हेच सांगणार.

१९ एप्रिल

दुपारी सावलीतही ३८-३९. काठालगतच्या माळावर वावटळी उठतात, पाचोळ्याचा खांब होऊन रोपवनावर चढतात आणि शेंड्यांपाशी तुटतात. दुपारचा डेटा ऊष्म्याने भरलेला. संध्याकाळचे ढगाळ अर्धे तास तेवढे निवडले.

१३ मीटरच्या सोनिकचा डेटा घेऊन बसलो. सरासरीपासूनचा प्रत्येक ठोक्याचा फरक काढायचा: आडवा वेग जास्त की कमी, उभा वेग वर की खाली. चार कप्पे होतात. त्यातले दोन कामाचे. जलद हवा वरून खाली येते ती झडप. संथ हवा खालून वर फेकली जाते ती उसळी. उघड्या माळावर दोघींचा वाटा जवळपास सारखा. रानाच्या शेंड्यावर झडप वरचढ असते, हे जगभरच्या जंगलांत पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय आणि आमच्याकडेही तसंच निघालं, पश्चिमेच्या वाऱ्यात अगदी ठळक. वायव्येच्या वाऱ्यात, वावरांवरून येणाऱ्या, ते ओळखू येत नाही इतकं पुसट.

कारण १९९६ मध्ये रॉपाक, फिनिगन आणि ब्रुने या तिघांनी मांडलं. तोपर्यंत जंगलावरचा वारा म्हणजे खडबडीत भिंतीवरून वाहणारा प्रवाह असं धरत. त्यांनी म्हटलं की हा भिंतीवरचा प्रवाह नाहीच. वेगवेगळ्या वेगाचे दोन थर एकमेकांवरून सरकतात तेव्हा मधल्या सीमेवर लाटा उठून गुंडाळल्या जातात, तसा आहे. वेगाचा आलेख शेंड्यापाशी वळण बदलतो, आणि तिथे अस्थिरता जन्मते. त्यामुळे भोवऱ्यांचा आकारही झाडांच्या उंचीवर बेतलेला. दोन मोठ्या भोवऱ्यांतलं अंतर शेंड्यापाशी वेग किती झपाट्याने बदलतो त्या लांबीच्या सुमारे आठपट. मध्यम दाट रानात ती लांबी उंचीच्या निम्मी धरतात: आपल्याकडे ६ मीटर, म्हणजे अंतर ५० मीटरच्या आसपास. भोवरे शेंड्यावरच्या सरासरी वाऱ्याच्या पावणेदोन पट वेगाने सरकतात. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर दर नऊ सेकंदांनी एक. पानं आली की हे डोळ्यांनी तपासता येईल.

११ मे

काकांकडे राब भाजत होते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण, काटक्या वावराच्या एका तुकड्यावर रचून जाळतात. ही खाचरं सोंडेच्या पूर्व उतारावर, वरच्या सागाला लागून. वारा पश्चिमेचा, चांगला. तरी धूर पश्चिमेला चालला होता: जमिनीलगत, उतार चढत, झाडांच्या बुंध्यांमधून, सोंडेच्या माथ्याकडे. शेंड्यांच्या उंचीला पोहोचला की कापल्यासारखा मोडून पूर्वेला पळत होता.

सकाळी असं दिसलं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. पूर्व उतार सकाळी तापतो, हवा चढते, धूर चढतो. पण तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, तो उतार तासाभरापासून सावलीत, आणि धूर मागेच चाललेला. काकांना विचारलं तर म्हणाले, "नेहमीचंच हाय. म्हणून तर राब खालून पेटवतो."

याचं उत्तर फिनिगन आणि बेल्चर यांच्या २००४ च्या कामात आहे. टेकडीवरून वारा जाताना माथ्यापाशी दाब सगळ्यात कमी होतो. उघड्या टेकडीवर मागच्या उतारावरची हवा आपल्या वेगाच्या जोरावर पुढे निघून जाते. उतार बराच तीव्र असेल तरच ती मागे फिरते. जंगलात खालच्या हवेकडे वेगच नसतो. तिला फक्त दाबाचा फरक कळतो, आणि तो माथ्याकडे खेचतो. म्हणून झाडी असलेल्या मंद उतारावरही मागच्या बाजूला उलटा वारा तयार होतो. टेकडीवरच्या वाऱ्याचा गाजलेला प्रयोग, १९८२-८३ चा, स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावरच्या आस्करवेन टेकडीवर झाला. ती ११६ मीटरची आणि बिनझाडांची. तिच्यावरून तयार झालेली सोपी सूत्रं आम्ही सह्याद्रीत झाडीच्या सोंडांवर बिनदिक्कत लावतो.

परिणाम आमच्या प्रश्नावर थेट आहे. ही उलटी हवा वरच्या वाऱ्याला टेकडी असल्यापेक्षा लांब असल्यासारखी भासवते, मागे खळबळीचा पट्टा लांबतो. मॉडेलमध्ये सोंडेच्या पूर्वेकडचं रान काढून टाकलं तर तो पट्टा आखडतो. दोन्ही धावा ठेवल्या आहेत.

१६ जून

पाऊस लागला. वारा नैऋत्य-पश्चिम, दिवसरात्र, तटस्थ हवा, ढग सोंडेला टेकलेले. ज्या अर्ध्या तासांची सहा महिने वाट पाहिली ते आता रांगेने येताहेत आणि निम्मे टाकून द्यावे लागताहेत, कारण सोनिकच्या तोंडावर थेंब बसला की आवाजाची टिचकी बिघडते आणि डेटात अणकुचीदार सुळके उभे राहतात. सुळके गाळायचा प्रोग्राम आहे, पण मुसळधार पावसात गाळायला मागे काही उरतच नाही.

वानरांनी खालच्या सोनिकची केबल दाताने तपासली. आता ती जीआयच्या पाइपातून.

सागाला पालवी. या भागाची गंमत अशी की सगळ्यात जोराचा वारा आणि पानं एकदमच येतात. उन्हाळ्यात मोजून पावसाळ्याचा अंदाज बांधणारा इथे हमखास फसेल, आणि इथल्या वाऱ्याची मोठी कमाई तर पावसाळ्याचीच.

१३ जुलै

पानं पूर्ण. दुपारी तासभर उघडीप मिळाली.

सागाचं पान वरून हिरवंगार, पालथं फिकट, लवदार. मास्टच्या पायथ्यापासून वर चढावर रोपवनाचं छत तिरकं दिसतं. झोत आला की पानं उलटतात आणि छतावर एक पांढुरका पट्टा उमटतो, पळत येतो, मास्टवरून निघून जातो. तेवढ्यात मागे दुसरा. पट्टा म्हणजे झडप. दोघांनी मोबाइलवर वेळा टिपल्या. लयबद्ध नाहीत, कधी दोन लागोपाठ, कधी बराच वेळ काही नाही, पण सरासरी आठ-दहा सेकंदांच्या घरात, आणि वारा हिशेबातल्या तीनच्या आसपासचा होता. दुसऱ्या टोकाला, जाळरेषेपलीकडे, पट्टे विस्कळीत: काठावर आदळून नव्याने बांधले जातात ते.

याच पानांमुळे मॉडेलमध्ये दुरुस्ती करावी लागेल. पान वाऱ्यात वळतं, गुंडाळतं, अंग चोरतं. वेग दुप्पट झाला म्हणून अडथळा चौपट होत नाही, त्याच्या बराच आत राहतो. आमचा गुणक ०.२ असा स्थिर आहे. जोराच्या वाऱ्यात तो कमी करायला हवा.

उन्हाळा आणि पावसाळा शेजारी ठेवून पाहिले, वाऱ्याची दिशा आणि वेग सारखे असलेले अर्धे तास निवडून. पश्चिम: पानं आल्यावर खालच्या सोनिकवर वेग पडला, टीआय चढली, वरच्या सोनिकवर बदल माफक. नैऋत्य: दोन्ही सोनिकवर टीआय तीन दिशांत सर्वाधिक, आणि पानं आल्यावर आणखी वाढली, कारण भोकांचे काठ आता भिंती झाले. उंचीचा नकाशा पाहून सांगायचं असतं तर मी रोपवनाकडे बोट दाखवलं असतं. नैऋत्येची झाडं सरासरीने बुटकी आहेत. वायव्य: जवळपास जैसे थे, भात-नाचणी अजून घोट्याएवढी.

३ ऑगस्ट

उंचावर काय, हे मास्ट सांगू शकत नाही. मॉडेलवर भिस्त. त्यात नैऋत्येच्या रानातली लहान भोकं झाडांच्या तीन-चार उंच्यांवर एकमेकांत मिसळून जातात, तिथून वर ती एकच खडबड म्हणून धरली तरी चालेल. शेकडो मीटरची ठिगळं, वावर-रान-वावर, तशी मिसळत नाहीत. त्यांचा माग चक्कीच्या पात्यांपर्यंत जातो, आणि खालच्या पात्याला एक वारा, वरच्याला दुसरा. चक्कीवाल्या मित्राला दिशावार तक्ता पाठवला. त्याने विचारलं, "ते ठीक, पण एकच आकडा दे ना." दिशेला एक देतो म्हटलं, ऋतूला वेगळा. बारा आकड्यांवर सौदा झाला.

काकांना निराळंच हवं होतं. केशरची कलमं लावायचीत, खड्डे कुठे घेऊ? मोहोर आणि कैऱ्या उन्हाळी पश्चिम वाऱ्याने झडतात. रोपवनाच्या पूर्व काठालगत एका उंचीच्या आत नको, सावली आणि मुळं. तिथून पुढे सुमारे पाच उंच्यांपर्यंत, म्हणजे काठापासून १५ ते ६० मीटर, आडोसा चांगला. पण त्याच दिवसांत साग बोडका असतो, तेव्हा आडोसाही निम्माच. म्हणून मध्ये बांबूची एक ओळ सुचवली, दाट कुंपणासारखी नको, निम्मा वारा आरपार जाऊ देणारी. अशा पारदर्शी ओळीचा आडोसा भरीव भिंतीपेक्षा लांबवर टिकतो. काका म्हणाले, "तिथं विहिरीचं पाणी चढत नाय." मग पाइप किती लागेल ते मोजलं.

मास्ट ऑक्टोबरअखेर राहील. वरचा सोनिक कॅलिब्रेशनला परत द्यायचाय, तो उतरवताना खालचा १३ वरून ८ मीटरवर घ्यायचा: शेंड्याखाली, पानांच्या आत काय चालतं ते पावसाळ्यातच पाहून घ्यावं. मिस्त्रींना शनिवारी बोलावलंय. ताण दोन ठिकाणी सैल आहेत, तेही तेव्हाच.